एकच फुटपाथ, एकच वार

नोव्हेंबर संपत आला की कुठल्या ना कुठल्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघाचा फोन येतो. "ताई, नाताळात आम्ही ब्लँकेटं वाटणार आहोत. तुमच्या ओळखीचा फुटपाथ सांगा ना." मी उलट विचारते, मुंबईत डिसेंबरला तुम्ही स्वतः ब्लँकेट घेता का रे? मग पलीकडून हसण्याचा आवाज येतो. सगळे पंखा लावून झोपणारे.

हसायचा हक्क मला नाही, कारण आमची सुरुवातही तशीच झाली. अकरा वर्षांपूर्वी ८० ब्लँकेटं, एक टेम्पो, डोक्यावर लाल टोप्या, आणि वेळ रात्री एकची. मध्य मुंबईतल्या एका पुलाखाली झोपलेल्या आजोबांना आमच्यातल्या एकाने हलवून उठवलं, दुसऱ्याने अंगावर ब्लँकेट घातलं आणि तिसऱ्याने फ्लॅश मारला. आजोबा दचकून उठले. आधी उशाखाली ठेवलेल्या चपला चाचपल्या, मग आमच्याकडे बघून म्हणाले, "कालपासून हे तिसरं. ठेवू कुठं?"

त्यांना काय हवंय हे आम्ही विचारलंच नव्हतं. ते कळायला महिना लागला. त्यांना नेलकटर हवं होतं. मधुमेह होता, पायाची नखं वाढून बोटांत रुतत होती, आणि ब्लेडने कापायची भीती वाटत होती.

यरीहोच्या वाटेवर बसलेल्या बार्तीमयाला येशूने आधी विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? समोर आंधळा भिकारी बसलाय, काय हवंय ते उघड दिसतंय, तरी विचारलं. रविवारी यावर प्रवचनं पुष्कळ होतात, पण टेम्पो भरताना कुणाला आठवत नाही. ज्यांना हे काम नव्याने सुरू करायचंय त्यांच्यासाठी खाली जे लिहिलंय, ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी फुटपाथ निवडा

एकच निवडा. शक्यतो चर्चपासून किंवा तुमच्या घरापासून चालत जाता येईल असा. लांबचा निवडलात की जुलैमध्ये लोकल बंद पडल्या दिवशी जाणं बुडतं, आणि एकदा बुडालं की बुडतच राहतं. वारही एकच ठरवा. आमचा गुरुवार आहे.

पहिले तीन आठवडे नुसतं चाला आणि बघा. कोण कुठे झोपतं, कुठल्या दुकानाचं शटर किती वाजता पडतं, पाणी कुठून भरतात, शौचालय किती लांब आहे, आधीपासून कोण जेवण देऊन जातं. गुरुद्वारा, मशीद, जैन मंडळं, कुणीतरी शेठ, असे बरेच जण आपापल्या वारी येत असतात. जिथे मंगळवारी चार खिचड्या येतात तिथे तुमची पाचवी नको.

रस्त्यावर झोपणारे सगळे एकाच जातकुळीचे नसतात, हेही याच फेऱ्यांत कळतं. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर दिसणारे पुष्कळ जण बेघर नाहीत. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून उपचाराला आलेला रुग्ण आणि त्याचे नातेवाईक आहेत. तिथे खाणं बऱ्यापैकी येतं. त्यांना हवा असतो फॉर्म वाचून दाखवणारा, फोन चार्ज करून देणारा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी कशी करायची ते सांगणारा. माहीमला काही हॉटेलांसमोर माणसं ओळीने उकिडवी बसलेली असतात. कुणीतरी गल्ल्यावर दहा जणांचे पैसे भरतं आणि पहिले दहा आत जाऊन जेवतात. त्या रांगेतल्या बऱ्याच जणांना दिवसा नाक्यावर बिगारीचं किंवा लग्नसराईत कॅटरिंगचं काम असतं.

भायखळा-नागपाड्याच्या फुटपाथवर तर दोन-तीन पिढ्या नांदल्या आहेत. तिथल्या बायकांनीच १९८० च्या दशकात 'महिला मिलन' ही आपली संघटना उभी केली, बचत केली, स्वतःची मोजणी स्वतः केली. अशा वस्तीत जाऊन 'बेघर' हा शब्द तोंडातून काढलात तर एखादी मावशी सुनावेल, "घर नाय कसं? हे काय हाय मग?" आणि तिचं बरोबर असेल. ताडपत्रीची कड म्हणजे उंबरठा. अंथरुणावर पाय देऊ नका, बोलावल्याशिवाय बसू नका, बसलात तर चपला बाहेर काढा.

किती जण, आणि कुणाला सांगून

दोघं किंवा तिघं, त्यात एक बाई असलीच पाहिजे. प्रभूने शिष्यांना दोघं-दोघं करून पाठवलं होतं. १८३३ साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आजही जोडीनेच भेटी देते. दहा जण एकसारखे टी-शर्ट घालून उतरलात तर गर्दी होते, आणि गर्दी झाली की त्रास तुम्हाला नाही, तिथे झोपणाऱ्यांना होतो. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. त्याखाली माणसाला उचलून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात पाठवता येतं. तुमच्या कार्यक्रमामुळे कुणाची तक्रार गेली की दुसऱ्या दिवशी फुटपाथ साफ होतो आणि तुम्ही घरी असता.

चर्चच्या पाळकसाहेबांकडून लेटरहेडवर एक साधं पत्र घ्या आणि पोलिसांच्या बीट चौकीत जाऊन भेटून या. हवालदार बहुतेक वेळा "जा, पण गोंधळ नको" एवढंच म्हणतो, आणि पुढे कधी अडचण आली तर तुमचा चेहरा ओळखीचा असतो.

पहिला महिना रिकाम्या हाताने

हे ऐकून नवीन पोरांचे चेहरे पडतात. काहीच न्यायचं नाही? नाही. सामान घेऊन गेलात की पहिल्या दिवसापासून तुम्ही 'वाटपवाले'. रांग लागते, धक्काबुक्की होते, आणि जो सगळ्यात जास्त आजारी आहे तो रांगेत नसतोच.

रात्री साडेआठ ते दहा ही वेळ बरी. दुकानं बंद होऊन अंथरुणं पडायला लागलेली असतात, स्वयंपाक चालू असतो, माणसं गप्पांच्या मूडमध्ये असतात. झोपलेल्याला उठवू नका. त्याच्या उशाशी काही ठेवूनही जाऊ नका, ते पहाटेपर्यंत राहत नाही आणि त्यावरून भांडणं होतात.

हाक मारताना काका, मावशी, दादा, बाबा. 'ए' तर नाहीच, आणि आपल्यापेक्षा मोठ्याला 'तू' नाही, मग तो कितीही प्यालेला असो. उभं राहून बोलू नका, उकिडवं बसा. गुडघे दुखतात, मला ठाऊक आहे. मी आता पुठ्ठा घेऊन जाते.

पहिल्याच भेटीत "गाव कुठलं, इथे कसे आलात" विचारू नका. सिग्नलला गजरे विकणारी बरीच कुटुंबं फासेपारधी आहेत. 'गुन्हेगार जमाती' ठरवणारा इंग्रजांचा कायदा १९५२ साली गेला, पण पोलिसी चौकशीची सवय गेलेली नाही, त्यामुळे तुमचा साधा प्रश्नही त्यांना तपासणीच वाटतो. तुम्ही तुमचं सांगा, मी अमुक, अमुक गल्लीत राहते, दर गुरुवारी इथून जाते. सोलापूर, जालना, धाराशिवकडचा माणूस तुमची मराठी ऐकून आपणहून सुरू होतो, आणि मग ७२ च्या दुष्काळात आजा कसा मुंबईला आला इथपर्यंत कहाणी जाते.

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे टपरीवरचा कटिंग चहा, पण तो द्यायचा नसतो, बरोबर प्यायचा असतो. कधी त्यांनी पाजला तर नाही म्हणू नका. आमच्या एका मुलाने पहिल्यांदा "नको काका, तुमचे पैसे कशाला" म्हटलं, आणि काकांनी पुढचे दोन गुरुवार तोंड फिरवलं.

नावं लक्षात ठेवा. परत आल्यावर, बसमध्ये बसल्यावर वहीत लिहा, त्यांच्यासमोर नाही. समोर वही उघडली की सर्व्हे झाला. आमच्या वहीत नाव, काय बोलणं झालं आणि पुढच्या वेळी काय विचारायचं एवढंच असतं. 'मुलीचं बाळंतपण, १५ तारीख' असं लिहिलेलं असलं आणि तुम्ही पुढच्या गुरुवारी "काय झालं, मुलगा की मुलगी?" विचारलंत, तर त्या प्रश्नाने जे होतं ते ८० ब्लँकेटांनी होत नाही.

फोटो नको, मुलांचे तर मुळीच नको. मुलांना चॉकलेट वाटू नका, कडेवर घेऊ नका, आईबापांपासून दूर नेऊन खेळू नका. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा या शहरात पाच मिनिटांत पसरते. एकटं मूल सापडलं, मारहाण दिसली, तर १०९८ ला फोन करा.

पिशवीत काय असावं

दुसऱ्या महिन्यापासून एक लहान पिशवी न्या, खांद्याला अडकवायची, आत काय आहे ते दिसणार नाही अशी. नेलकटर आलंच. सॅनिटरी पॅड, कागदात गुंडाळून, आणि ते फक्त बाईने बाईला द्यायचं. कंगवा, अंगाचा छोटा साबण, प्लास्टिकची चेनवाली पिशवी (कागदपत्रं भिजू नयेत म्हणून, पावसाळ्यात याला सोन्याचा भाव), सुईदोरा, केळी. केळं दात नसलेल्यालाही खाता येतं आणि ते कुणाच्या धर्माच्या आड येत नाही. घरून शिजवून नेणार असाल तर शाकाहारी, आणि मे महिन्यात दुपारी केलेली खिचडी रात्री उघडून वास घेतल्याशिवाय देऊ नका. लग्नातलं उरलेलं अन्न आणूच नका.

मोठ्या वस्तू टाळा. फुटपाथवरचं सामान उचलणारी पालिकेची गाडी आली की पाच मिनिटांत जेवढं उचलता येतं तेवढंच त्यांचं. म्हणून जूनच्या आधी निळी ताडपत्री विचारून द्या, डिसेंबरमध्ये फार तर पातळ चादर. सार्वजनिक शौचालयात आंघोळीला पैसे पडतात, ते भरणं ही चांगली भेट आहे. बायका रात्री जायला लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर मी त्यांना "पाणी भरपूर प्या" असं सांगत होते.

रोख पैसे आमच्याकडून कुणालाच नाहीत, हा नियम. औषध, तिकीट, झेरॉक्स यांचे पैसे आपण समोर उभं राहून भरायचे. मी हा नियम दोनदा मोडलाय, एकदा पश्चात्ताप झाला, एकदा नाही.

प्रार्थना आणि पत्रकं

खाण्याच्या पिशवीत पत्रक घालू नका. यावर आमच्या मंडळीत वाद झाले आहेत आणि माझं मत अजून तेच आहे. भुकेल्याच्या हातात ताट आणि पत्रक एकदम आलं की त्याला ताटाची किंमत कळते, मान डोलवायची. तो डोलवतो. तुम्ही खूश होऊन घरी जाता आणि तो पुढच्या वाटपवाल्याच्या देवापुढे मान डोलवायला मोकळा. शिवाय आजकाल संशयाला वेळ लागत नाही, आणि भोगावं लागतं ते तिथेच झोपणाऱ्याला.

पण लपवायचंही नाही. विचारलं तर चर्चमधून येतो हे सरळ सांगा. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती संस्था) १८८२ साली मुंबईत उतरली तेव्हा तिच्या फ्रेडरिक टकर या इंग्रज अधिकाऱ्याने 'फकीर सिंग' हे नाव घेतलं आणि इथल्या लोकांसारखी राहणी धरली. तेवढं आपल्याला करावं लागत नाही, आपण इथलेच.

प्रार्थना मागितली तरच करायची, थोडक्यात आणि त्यांच्या भाषेत. आमची एक मावशी खंडोबाची, कपाळाला भंडारा. तिचा मुलगा तुरुंगात होता. दर गुरुवारी निघताना ती माझा हात धरायची, "तुझ्या येशूला सांग गं, तारीख लवकर लागू दे." मी तिथेच डोळे मिटून सांगायची. तिला भंडारा पुसायला सांगावं असं मला कधी वाटलं नाही.

रविवारच्या उपासनेला बोलवायचं असेल तर आधी मंडळी तयार करा. आमच्याकडे एक काका आपणहून आले, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. मागच्या बाकावर बसले. शेजारच्या बाईंनी पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. काकांनी ते बघितलं. पुन्हा आले नाहीत.

कागदपत्रं

खरी धावपळ इथे आहे. ओळख झाली, विश्वास बसला, की पाचव्या-सहाव्या महिन्यात कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, आधारचं काय होईल?" बऱ्याच जणांचं आधार निघालेलं असतं, कार्ड हरवलेलं असतं. अशा माणसाला नवीन काढायला नेऊ नका, जुनं असताना नवा अर्ज फेटाळला जातो. आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून जुनं शोधता येतं. बिगारी काम करून ठसे झिजले असतील तर डोळ्यांची बुबुळं चालतात. चौकशीचा फोन १९४७, लक्षात ठेवायला सोपा. ज्याचं कधीच निघालं नाही त्याला ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आमदार, नगरसेवक, राजपत्रित अधिकारी किंवा मान्यताप्राप्त निवाऱ्याचे अधीक्षक यांच्या सहीचं. त्या सहीसाठी तीन-चार खेपा धराच. माणसाबरोबर तुम्ही स्वतः जा. खिडकीवर त्याच्या एकट्याशी जे बोललं जातं आणि चष्मा लावलेली बाई शेजारी उभी असताना जे बोललं जातं, त्यात फरक असतो. चीड येते, पण उपयोग करून घ्या.

मतदार यादीत नाव घालायला मात्र पत्त्याचा पुरावा लागत नाही. नमुना ६ भरायचा, झोपण्याची जागा लिहायची, आणि निवडणुकीचा बूथ अधिकारी रात्री येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघतो. आमच्या फुटपाथवरच्या एका काकांसाठी असा अधिकारी आला तेव्हा ते दाढी करून, अंथरूण नीट घालून वाट बघत बसले होते. जणू पाहुणे येणार.

आजारपण

दोन आठवड्यांवर खोकला असेल तर पालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी व्यवस्थेत फुकट आहेत. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, आणि फुटपाथवरचा माणूस दोन महिन्यांत बरं वाटलं की गोळ्या सोडतो, किंवा हाकलल्यामुळे जागा बदलतो आणि दवाखाना सुटतो. दर आठवड्याला भेटणारा मित्र इथे कामाला येतो. गोळीचं पाकीट बघायचं, रिकामी घरं मोजायची, बस. पोषणाचे महिन्याला १,००० रुपये मिळतात, पण ते बँक खात्यात जमा होतात, म्हणजे पुन्हा कागदपत्रं.

पावसाळ्यात जखमांकडे लक्ष ठेवा. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्याला, त्यातही पायाला जखम असेल तर, ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे न्या, लेप्टोची (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) प्रतिबंधक गोळी मिळते. पट्टी करायला मंडळीतली एखादी नर्स असेल तर तिला घेऊन जा, स्वतः शिकाऊपणा करू नका. गंभीर असेल तर १०८. मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात पोचलात की केसपेपर काढल्यावर समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा. औषधांची सोय, सोबत कुणी नसलेल्या रुग्णाची व्यवस्था, तिथूनच होते.

स्वतःशी बोलणारा, कपड्यांचं भान नसलेला माणूस दिसला तर प्रार्थनेने भूत उतरवायला कुणी निघू देऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला ताब्यात घेऊन आरोग्यकेंद्रात पोचवणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, कलम १००. चौकीत जाताना कलमाचा आकडा तोंडपाठ ठेवा. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं काम डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा फाउंडेशन कर्जतला करते. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

दारू, नशेसाठी हुंगायचं सोल्युशन, गर्द यांवर भाषण नको. सोडायचं म्हणाला तर वांद्र्याचं कृपा फाउंडेशन हे व्यसनमुक्तीचं काम करणारं आहे, फादर जो परेरांनी १९८१ साली सुरू केलेलं, आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या सभा शहरभर फुकट चालतात. मात्र रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की फिट येऊ शकते, जीवावर बेततं. "आजपासून शपथ घे" म्हणून सोडून येऊ नका, आधी डॉक्टर.

निवाऱ्याचं वचन देऊ नका

दर लाख वस्तीमागे एक, चोवीस तास उघडा निवारा असावा असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास हवेत. आहेत ते त्याहून पुष्कळ कमी. शिवाय नवरा-बायको-मुलं एकत्र राहतील अशी जागा क्वचित मिळते, आणि कामाच्या नाक्यापासून लांब असेल तर माणूस जातच नाही. अगदी निराधार, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी भायखळ्याला सांकली स्ट्रीटवर मदर तेरेसांच्या सिस्टरांचं आशादान आहे. आधी जाऊन विचारा, मग माणसाला सांगा.

कुणी दिसेनासं झालं तर

होणारच. एका गुरुवारी जागा रिकामी असते. लगेच वाईट मनात आणू नका, आधी शेजारच्यांना विचारा. लग्नसराईत कॅटरिंगला, सुगीत गावाला, पावसात दुसऱ्या पुलाखाली, अशा नेहमीच्या जागा असतात. मग टपरीवाला, त्याला सगळं माहीत असतं. मग जवळच्या रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, मग चौकी. विचारायला पूर्ण नाव लागतं, "ते दाढीवाले काका" म्हणून वॉर्डात कुणी सापडत नाही. वहीतलं नाव तेव्हा उपयोगी पडतं.

नेलकटरवाले आजोबा चौथ्या वर्षी असेच गेले. टपरीवाल्यानेच कुठल्या रुग्णालयात नेलं ते सांगितलं. वॉर्डात केसपेपरवर 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ६५' लिहिलेलं होतं. मी सिस्टरला नाव सांगितलं, तिने ते खोडून वर लिहिलं. आजोबांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि पांघरुणातून पाय बाहेर काढून दाखवले. नखं पुन्हा वाढली होती.